विजेचे माप कोणाच्या हाती?



आपण बाजारात धान्य घ्यायला जातो तेव्हा आपली नजर कुठे असते? धान्यावर असते, आणि त्याहून अधिक दुकानदाराच्या हातावर असते. पायली शिगोशीग भरली की मधेच हात मारला, तराजूचा काटा थांबला की थांबण्याआधीच पारडे उचलले, हे आपण बघून घेतो. शेर आणि पायली गेली, १९५६ सालचा वजनमापांचा कायदा आला, १९५८ पासून किलोची वजने बाजारात दिसू लागली. पण नजर काही बदलली नाही. मापात पाप होऊ नये म्हणून घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे, हा व्यवहार फार जुना आहे.

आता विजेचा विचार करा. वीज दिसत नाही, तिला वजन नाही, ती पोत्यात भरता येत नाही. ती तारेतून येते, दिवा लावते, पंपाचे पाणी चढवते आणि निघून जाते. मग महिन्याच्या शेवटी एक कागद येतो आणि सांगतो की तुम्ही इतके युनिट घेतले. ही पायली कोणी भरली? कधी भरली? आपण तेव्हा कुठे होतो? भिंतीवरच्या एका पेटीने ती भरलेली असते, आणि ती पेटी बहुतेक वेळा विकणाऱ्याचीच असते.

या पेटीचा, म्हणजे विजेच्या मीटरचा इतिहास मी आज सांगणार आहे. सध्या गावोगाव ज्याची चर्चा चालली आहे तो स्मार्ट मीटर, आणि घरातली वीज क्षणाक्षणाला मोजणारे संवेदक, ज्यांना आपण सेन्सर म्हणतो, ते या इतिहासाचे शेवटचे पान आहे. शेवटचे पान नीट समजायचे तर आधीची पाने उलटावी लागतात.

सुरुवातीला विजेला मापच नव्हते. दिव्यामागे ठराविक पैसे, अशी साधी रीत होती. तुमच्याकडे दहा दिवे आहेत ना, मग दहा दिव्यांचे पैसे द्या. ते रात्रभर जळोत की तासभर. १८७२ साली अमेरिकेत सॅम्युएल गार्डिनर यांनी एक यंत्र केले. त्यात घड्याळ होते. दिवा लागला की घड्याळ चालू, विझला की बंद. म्हणजे विजेचे माप नव्हे, वेळेचे माप. तरी पहिले पाऊल म्हणून ते महत्त्वाचेच.

हसू नका बरे का! ही दिव्यामागे पैसे घेण्याची रीत आपल्या ओळखीचीच आहे. १९७० च्या दशकापासून आपल्या देशात अनेक राज्यांनी शेतीपंपांना अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली. पंप पाच अश्वशक्तीचा, म्हणून इतके पैसे. तो किती तास चालला याचा हिशेब नाही. शेतकऱ्याला ते सोपे वाटले, वीजमंडळालाही मीटर वाचायला माणूस पाठवायला नको. पण या सोपेपणाची किंमत काय पडली, ते आपण पुढे पाहू.

विजेचे खरे माप एडिसनने आणले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट येथे त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज विकायची तर मोजली पाहिजे, हे एडिसनला पक्के ठाऊक होते. त्याने केलेले मीटर मोठे गमतीचे होते. काचेच्या भांड्यात जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात येणाऱ्या विजेचा अगदी थोडा हिस्सा या भांड्यातून जाई. वीज गेली की एका पट्टीचे जस्त सुटून दुसऱ्या पट्टीवर बसे. जितकी वीज जास्त, तितके जस्त जास्त. फॅरेडेने हा नियम त्याआधी सुमारे पन्नास वर्षे शोधून ठेवला होता. महिना झाला की कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, नव्या बसवायचा. कंपनीत नेऊन त्या धुऊन, वाळवून, नाजूक तराजूत तोलायच्या आणि बिल करायचे. थंडीत भांड्यातले पाणी गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे. गारठा वाढला की तो आपोआप पेटायचा.

युक्ती छान होती, शास्त्राला धरून होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या पेटीकडे पाहून गिऱ्हाइकाला काय कळत होते? काहीही नाही. तराजू कंपनीच्या खोलीत, तोलणारा कंपनीचा, आणि घरमालकाच्या हाती फक्त बिल. माप अचूक असले तरी ते विकणाऱ्यालाच दिसत होते. आजच्या व्याख्यानाचे सूत्र मी इथेच सांगून ठेवतो. माप बरोबर आहे का, एवढे विचारून भागत नाही. माप कोणाला दिसते, हेही विचारावे लागते.

याच काळात जर्मनीत हेरमान आरोन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी घड्याळाचे दोन लंबक घेतले. वीज नसताना दोन्ही सारखे हलत. वीज सुरू झाली की तिच्या चुंबकशक्तीमुळे एका लंबकाची चाल बदले. दोघांच्या चालीत जो फरक पडे, तो काट्यावर दिसे, आणि तो म्हणजे वापरलेली वीज. अमेरिकेत एलिहू टॉमसन यांनी १८८९ साली छोट्या मोटरसारखे फिरणारे मीटर केले. या दोन्ही मीटरांना आकड्यांची तबकडी होती. म्हणजे आता घरमालकही पेटीसमोर उभा राहून आकडा वाचू शकत होता. तराजू दुकानातून निघून गिऱ्हाइकाच्या भिंतीवर आला, असे म्हणा ना.

पुढे विजेतच बदल झाला. एडिसनची वीज एकाच दिशेने वाहणारी होती. तिला लांब नेता येत नसे. तिच्याऐवजी आलटून पालटून वाहणारी वीज आली, जी आज आपल्या घरात आहे. आपल्याकडे तिची दिशा सेकंदाला पन्नास वेळा जाते आणि येते. या विजेला एडिसनची जस्ताची पट्टी निरुपयोगी. कारण जाताना जे जस्त एका पट्टीवर बसते, ते येताना पुन्हा सुटते; महिनाभर वीज वापरा, हिशेब शून्य!

ही अडचण कशी सुटली त्याची हकीकत मुलांना सांगण्यासारखी आहे. १८८८ साली वेस्टिंगहाउस कंपनीत ऑलिव्हर शॅलेनबर्गर हे अभियंता एका दिव्याची तपासणी करीत होते. आतली एक छोटी स्प्रिंग सुटून पडली. दुसरा कोणी असता तर त्याने ती उचलून जागेवर बसवली असती. शॅलेनबर्गर यांनी पाहिले की पडलेली स्प्रिंग आपोआप वळते आहे. कोण फिरवते तिला? तर आजूबाजूच्या चुंबकांचे फिरते क्षेत्र. काही आठवड्यांतच त्यांनी या तत्त्वावर मीटर उभे केले. फिरत्या चुंबकक्षेत्राचा शोध इटलीत तुरीन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी आधीच लावला होता. आणि १८८९ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी यांनी त्याच वाटेने जाऊन असे मीटर केले की ज्याची नातवंडे-पतवंडे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

होय, तेच ते. काचेमागे आडवी फिरणारी, कडेला काळी खूण असलेली चकती. घरात लोखंडी इस्त्री लावली की ती भराभरा फिरते, एकच दिवा असला की आळसावल्यासारखी सरकते. तिची रचना थोडक्यात अशी. चकतीजवळ दोन विद्युतचुंबक असतात. एकाला विजेचा दाब कळतो, दुसऱ्याला विजेचा प्रवाह. दोघे मिळून चकतीला ढकलतात. एक कायमचा चुंबक तिला लगाम घालतो, नाहीतर ती फिरतच राहील. ढकलणे आणि लगाम यांचा मेळ असा घातलेला असतो की चकतीचा एक फेरा म्हणजे विजेचा ठराविक भाग. फेरे दातेरी चाकांनी मोजले जातात आणि आकडे पुढे सरकतात. एक हजार वॉटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. शंभर वॉटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट.

ही चकती जगभर जवळजवळ शंभर वर्षे फिरली. तिने एक मोठे काम केले. विकणारा आणि घेणारा दोघांनाही दिसेल असे माप तिने भिंतीवर ठेवले. ज्याला अंक वाचता येतात तो आपले बिल पडताळू शकत होता. पण तिलाही उणीव होतीच. ती महिन्याची बेरीज सांगे; कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या वस्तूने किती खाल्ले, हे सांगत नसे. किराण्याच्या दुकानातून महिन्याचे सामान आणले आणि दुकानदाराने नुसती एकूण रक्कम सांगितली, यादीच दिली नाही, तर आपण काय समजणार? तशी ती स्थिती होती.

आणि वेळेचा प्रश्न लहान नव्हता. १८९२ सालीच इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी दाखवून दिले होते की वीज पुरविण्याचा खर्च किती युनिट विकले एवढ्यावर ठरत नाही. सगळे लोक एकाच वेळी किती मागतात, यावरही तो ठरतो. विहिरीचे उदाहरण घ्या. दिवसभरात शंभर बायका पाणी भरून जातात, तर एक रहाट पुरतो. पण त्या सगळ्या सकाळी सहालाच आल्या तर दहा रहाट लागतील, आणि ते उरलेला दिवस नुसते उभे राहतील. संध्याकाळी सातला सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात. त्या दोन-तीन तासांसाठी केंद्रे उभारावी लागतात. ब्रायटन शहरात आर्थर राइट यांनी गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी मागणी नोंदविणारे उपकरण केले. कमी गर्दीच्या वेळची वीज स्वस्त द्यावी, हा विचार तिथून वाढला.

या विचाराचा आकाशवाणीशी, निदान नभोवाणीशी, एक मजेदार संबंध आहे, तो श्रोत्यांना सांगितलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये रात्रीच्या स्वस्त विजेचे दर १९७८ पासून देशभर रूढ झाले. मीटरला स्वस्त वेळ सुरू झाली हे कळवायचे कसे? १९८० च्या दशकात त्यांनी बीबीसीच्या दीर्घलहरींच्या प्रसारणावरच एक संकेत चढवला. लोक बातम्या ऐकत. त्याच लहरींवरून, कानाला न ऐकू येता, लाखो घरांतल्या मीटरांना हुकूम जाई की आता दर बदला, आता पाणी तापवणारे यंत्र चालू करा. चाळीसएक वर्षे ही व्यवस्था चालली आणि २०२५ साली ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे काम सुरू झाले. रेडिओ नुसता माणसांशीच बोलतो असे नाही, मीटरशीही बोलत होता!

आता आपण संवेदकाच्या युगात येतो. चकती जाऊन तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले. यात फिरणारे काही नसते. तारेतला प्रवाह एक छोटा संवेदक ओळखतो, दाब दुसरा ओळखतो, आणि नखाएवढी चकती, तिला चिप म्हणतात, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दोघांचा गुणाकार करून बेरीज मांडते. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकतो, ते त्या बेरजेचे ठोके. इथेच पुष्कळांची तक्रार सुरू होते की नवे मीटर जोरात पळते. त्यामागे एक कारण असे की जुनी चकती घासून घासून मंद होई, आणि अगदी लहान भार तिला हलवीतच नसे. टीव्ही रिमोटने बंद केला तरी आतून थोडी वीज ओढत राहतो. ती जुन्या मीटरला कळत नव्हती, नव्याला कळते. पण म्हणून प्रत्येक तक्रार खोटी असे समजू नये. मीटर ही वस्तू आहे, बिघडू शकते. त्याचा उपाय पुढे सांगतो.

मीटर मोजू लागले, मग ते बोलूही लागले. १९७० च्या दशकात अमेरिकेत थिओडोर पारास्केवाकोस यांनी दूरध्वनीच्या तारेतून दूरच्या मीटरची नोंद आणण्याची पद्धत केली. तिचे पेटंट १९७४ चे आहे. २००१ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत इटलीच्या एनेल या वीजकंपनीने सुमारे तीन कोटी घरांत असे मीटर बसविले की जे आपली नोंद विजेच्याच तारांतून पाठवीत. मीटर वाचणारा माणूस दारी येण्याची गरज संपली. आज ज्याला स्मार्ट मीटर म्हणतात त्याचा मोठ्या प्रमाणावरचा आरंभ तो.

पण त्याआधीच बोस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठात एक विलक्षण गोष्ट घडली होती. १९८० च्या दशकात जॉर्ज हार्ट हे संशोधक घरांच्या वीजवापराचे आलेख अभ्यासत होते. त्यांच्या ध्यानात आले की आलेखाला पायऱ्या आहेत. फ्रिज सुरू झाला की एका उंचीची पायरी चढते, बंद झाला की तेवढीच उतरते. पाणी तापवणाऱ्या यंत्राची पायरी उंच, दिव्याची ठेंगणी. मोटर असलेल्या वस्तूची तऱ्हा निराळी, नुसत्या तापणाऱ्या वस्तूची निराळी. म्हणजे प्रत्येक वस्तूची जणू सहीच विजेच्या प्रवाहावर उमटते! मग प्रत्येक वस्तूला वेगळा मीटर कशाला? घरात वीज शिरते तिथे एकच संवेदक लावा, आणि त्याच्या नोंदीवरून आतली प्रत्येक वस्तू ओळखा. हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याचे पेटंट १९८९ साली मिळाले, आणि १९९२ साली त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. आज मुख्य तारेला चिमटा लावून घरातल्या कोणत्या वस्तूने किती वीज घेतली हे मोबाइलवर दाखविणारी जी उपकरणे मिळतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

म्हणजे किराण्याची ती हरवलेली यादी सापडली. तिचा उपयोग होतो का? याचे उत्तर त्याहून जुने आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. तिथे एकाच नकाशाची घरे होती. तरी एका घरापेक्षा दुसऱ्याचा वापर दुपटीपर्यंत निघे. फरक घरात नव्हता, माणसांत होता. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथल्या काही घरांना त्यांचा वापर रोजच्या रोज कळवण्यात आला. बाकी काही केले नाही. नवी यंत्रे नाहीत, दंड नाही, बक्षीस नाही. नुसते रोज कळवले. त्या घरांचा वापर इतरांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कुठे कमी, कुठे जास्त आला, पण दिशा तीच राहिली. संवेदक स्वतः एकही युनिट वाचवीत नाही. तो दाखवतो, बटण माणसाला बंद करावे लागते.

मात्र जे घरमालकाला दिसते ते दुसऱ्यालाही दिसू शकते. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी मांडली असेल तर ती खुद्द हार्ट यांनीच. १९८९ साली, पेटंट मिळाले त्याच वर्षी, त्यांनी लेख लिहून सावध केले की विजेच्या प्रवाहावरून घरावर पाळत ठेवता येईल. माणसे केव्हा उठतात, केव्हा झोपतात, घर कधी रिकामे असते, हे बाहेर बसून कळेल. शोध लावणाऱ्यानेच आपल्या शोधाचा धोका सांगावा, हे शास्त्राच्या इतिहासात नेहमी घडत नाही. आपल्या स्मार्ट मीटरमध्ये पाव किंवा अर्ध्या तासाची नोंद होते. तिच्यावरून मिक्सर फिरला की नाही हे समजत नाही. पण घर आठवडाभर बंद होते, हे सहज समजते.

देशोदेशी यावर विचार झाला. हॉलंडमध्ये २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा याच कारणासाठी अडवला, आणि पुढे ते मीटर ऐच्छिक झाले. अमेरिकेत नेपरव्हिल या गावाच्या दाव्यात तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०१८ साली म्हटले की दर पंधरा मिनिटांची अशी नोंद घेणे ही घराची एक प्रकारे झडतीच आहे. मात्र वीजव्यवस्था सुधारण्यासाठी असेल तर ती वाजवी आहे. आपल्या देशात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. विजेच्या नोंदी कोणाजवळ राहतात, त्या कोणाला दिल्या जातात, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे विसरू नका.

आता आपल्या घरी येऊ. भारतात जलविद्युत १८९७ साली दार्जिलिंगजवळ सुरू झाली, आपल्या खोपोलीला टाटांचे केंद्र १९१५ साली आले. खेड्यांत वीज पोहोचायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. २००३ च्या वीज कायद्याने स्पष्ट सांगितले की बरोबर मीटर बसविल्याशिवाय वीज देऊ नये. तरी शेतीपंपांच्या बाबतीत अश्वशक्तीची आकारणी मागे राहिलीच. तिची किंमत पुढे सांगतो म्हणालो होतो, ती ही. ज्याचे माप नाही त्याच्या नावावर काहीही लिहिता येते. तारांत गळलेली, आकडे टाकून चोरलेली वीज शेतकऱ्याच्या अंदाजी वापरात मिसळून जाते, आणि शेतकरी फुकट वीज उधळतो असा बोल त्याच्या वाट्याला येतो. माप नसणे ही सवलत वाटते. पण माप नसले की आपली बाजू मांडायला पुरावाही नसतो.

२०२१ साली केंद्र सरकारने देशात पंचवीस कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेही आधी पैसे भरण्याच्या पद्धतीचे. त्यावरून बरीच चर्चा झाली. महाराष्ट्रात विरोध झाला, आणि सामान्य घरगुती ग्राहकांना आधी पैसे भरण्याची पद्धत लावणार नाही, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. बाजू घेण्यापूर्वी नियमांतल्या तीन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, २०२३ च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटरची नोंद दिवसातून निदान एकदा दुरून घ्यायची आहे आणि ती ग्राहकाला कळवायची आहे. दुसरी, त्याच नियमांत दिवसाच्या उन्हातली वीज स्वस्त आणि गर्दीच्या वेळची महाग, असे दर ठेवण्याची तरतूद आहे. हॉपकिन्सन यांचा १८९२ सालचा विचार तो हाच. तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे, मीटरची नोंद वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केली तर कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा आणि निदान तीन महिने दोन्हींची तुलना करायची. मीटर पळते, असे पारावर म्हणून भागणार नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि माप उलट दिशेनेही लावता येते, बरे का! पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटाने देशातल्या शेकडो ठिकाणी, घरांत आणि दुकानांत, छोटे संवेदक बसविले. ते मिनिटामिनिटाला विजेचा दाब नोंदवीत आणि ती नोंद लोकांपुढे मांडत. वीज किती तास आली, संध्याकाळी गेली का, दाब किती पडला, हे त्यातून दिसे. म्हणजे हा संवेदक गिऱ्हाइकाने काय घेतले ते मोजत नव्हता. विकणाऱ्याने काय दिले ते मोजत होता. दिव्यांची वात झाली, पंप जळला, ही आपली जुनी तक्रार. तिला आकड्यांचा आधार असा मिळतो. तराजूची दोन्ही पारडी दिसली पाहिजेत ती अशी.

शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवितो. याला खर्च नाही. घड्याळ, पेन्सिल आणि घरचा मीटर एवढे पुरते. मीटरवर लिहिलेले असते की एका युनिटला इतके फेरे किंवा इतके ठोके. समजा, लाल दिव्याचे ३२०० ठोके म्हणजे एक युनिट. मुलाने एक मिनिट ठोके मोजले, ते १६ भरले. तासाला किती? ९६०. त्याला ३२०० ने भागले तर ०.३ युनिट, म्हणजे त्या वेळी घरात ३०० वॉटची वीज चालू आहे. कोठे चकतीचे जुने मीटर असेल आणि त्यावर १२०० फेऱ्यांना एक युनिट असे लिहिले असेल, तर मिनिटाला १० फेरे म्हणजे तासाला ६००, म्हणजे अर्धे युनिट, ५०० वॉट. आता एक वस्तू बंद करून पुन्हा मोजायचे. जितके कमी झाले तितके त्या वस्तूचे खाणे. हार्ट यांनी यंत्राकडून जे करून घेतले ते आपली सातवीतली मुले बोटे मोजून करतील. त्रैराशिकाचे गणितही होईल आणि घरातला कोणता पंखा जुना झाला तेही कळेल. मोजताना पेटीला, तारेला हात लावायचा नाही, नुसते दुरून पाहायचे, एवढी ताकीद मात्र आधी द्या.

एडिसनच्या जस्ताच्या पट्टीपासून आजच्या संवेदकापर्यंत सुमारे एकशे चाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात माप सूक्ष्म होत गेले, यात शंका नाही. पण दिसण्याच्या बाबतीत वाट सरळ नाही. पट्टी गिऱ्हाइकाला दिसत नव्हती. चकती दिसू लागली. आणि आता नोंद पुन्हा दूरच्या कचेरीत जाऊन बसते. ती तिथेच राहिली तर आपण १८८२ सालात परत गेलो असे होईल, पेटी कितीही नवी असो. ती आपल्याही हाती आली, आपण ती वाचली, पडताळली, तर मात्र या पेटीइतका उपयोगी हिशेबनीस घरात दुसरा नाही. म्हणून नवा मीटर बसवायला माणूस आला की त्याला दोन प्रश्न विचारा. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा किती, तो मला लिहून द्या. आणि या नव्या मीटरची रोजची नोंद मी कुठे पाहायची, ते दाखवा. उत्तर मिळेपर्यंत त्याला चहा द्या, बसवून घ्या, पण प्रश्न सोडू नका.